कुत्र्यासाठी आणलेली चकती

आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते आणि घरातही ड्रायव्हरसारखेच बसायचे, तोंड पुढं आणि पाठ आमच्याकडं. आम्हा तिघा भावंडांपैकी कुणाला त्यांनी मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, ते हात लावायचे तो मारायलाच. आई मध्ये पडली की तिलाही दोन बसायच्या.

नव्वदीच्या सुरुवातीला दादा दहावीत नापास झाला. त्या संध्याकाळी आप्पांनी त्याला घराबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आमचं घर पिंपळवंडीच्या मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. आई दाराशी बसून म्हणाली, “आवं, उसात वाघ असतोय.” आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. आप्पा जेवता जेवता म्हणाले, “आसू दे. त्याला बी काय तरी लागतंच की.” आणि त्यांनी दुसरी भाकरी मागितली. सकाळी दार उघडलं तेव्हा दादा ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्यानं चूळ भरली, खुरपं घेतलं आणि शेतात गेला. शाळेचं तोंड त्यानं परत पाहिलं नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढची हकिगत कुत्र्याची आणि मशिनची आहे, आणि ऐकणारे मशिनला दोष देऊन मोकळे होतात.

पुढं धाकटा शिकला आणि अमेरिकेला गेला. मी लग्न होऊन मंचरला आले, तिथं ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. आई गेली. दादाचा टोमॅटोत चांगला जम बसला. त्यानं जुनं घर पाडून त्याच जागी स्लॅबचं घर बांधलं, गुळगुळीत फरशीचं. आप्पा रिटायर होऊन घरी बसले तेव्हा घर दादाचं होतं आणि दाराची कडीही दादाची होती. आप्पांना समोरच्या खोलीत एक खाट मिळाली.

रिटायर होताना त्यांना शाल आणि नारळ मिळाला. ते दोन्ही त्यांनी वहिनीच्या हातात दिलं आणि डब्याच्या पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू काढून फरशीवर ठेवलं. डेपोत उभ्या गाडीखाली सापडलेलं, तांबूस रंगाचं, एक कान फाटलेलं. त्याला ते कंडक्टर म्हणायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, “डायवर काय येकटाच गाडी काढतो व्हय?” मग शिकवणी सुरू झाली. दोनदा टकटक केलं की चालायचं आणि एकदा केलं की थांबायचं, डबल बेल आणि सिंगल बेल. पिल्लू हुशार निघालं. दादापेक्षा लवकर शिकलं, असं आप्पा सगळ्यांसमोर म्हणायचे, दादाच्याही.

ज्या माणसानं आम्हाला कधी पाण्याचा तांब्या उचलून दिला नाही, तो कुत्र्यासाठी भाकरी दुधात कुस्करायचा. गार झाली का, ते बोट घालून बघायचा. मी माहेरी आले की हे बघायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. इतकी वर्षं दाबून ठेवलेली माया काढली, ती कुणासाठी, तर फाटक्या कानाच्या कुत्र्यासाठी. मी एकदा तोंडावर विचारलं, “आप्पा, आमाला कधी भरवलं व्हतं का आसं?”

“तुमाला आई व्हती,” ते म्हणाले आणि परत भाकरी कुस्करायला लागले.

ते दिवस बिबट्यांचे होते. कालव्याच्या पाण्यानं ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबटे वाढले. बिबट्याला कुत्र्याइतकी सोपी शिकार दुसरी नाही. आजूबाजूच्या मळ्यांत कुत्री पाळायचे ती याच हिशेबानं. कुत्रं गेलं तर वासरू वाचतं. कुत्रं गेलं म्हणून कुणी कुणाला सांगायला जात नसे. दारात नवीन पिल्लू दिसलं की शेजारी समजून जायचे.

आप्पांना हा हिशेब मान्य नव्हता. दिवेलागण झाली की कंडक्टर घरात, त्यांच्या खाटेखाली. मळ्यात कुत्र्याला उंबरा ओलांडू देत नाहीत, त्यामुळं लोकांना चघळायला विषय मिळाला. म्हाताऱ्यानं कुत्र्याचं रिझर्व्हेशन केलंय, असं म्हणायचे. दादा काहीच बोलत नव्हता. त्याचा स्वभाव मला माहीत आहे, तो राग बियाण्यासारखा जपून ठेवतो.

मग वहिनीला मुलगी झाली. लेकरू गोड होतं, पण त्याची छाती सारखी भरायची आणि श्वासाला शिट्टी वाजायची. नारायणगावच्या डॉक्टरांनी घरात कुत्रं-मांजर आहे का विचारलं, केस आणि धूळ लेकराजवळ नको म्हणाले. त्यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही. मी तेव्हा माहेरी होते. दादा दवाखान्यातून आला, मोटारसायकल लावली आणि आप्पांच्या खाटेसमोर उभा राहिला.

“आजपासून कुत्रं बाहेर.”

“वाघ नेईल त्याला,” आप्पा म्हणाले.

“मग केस दिसता कामा नये. फरशीवर एक बी केस घावला तर त्याच दिशी बाहेर. मंग मला इचारायचं न्हाई.”

वहिनी म्हणाली, “मी ओल्या फडक्यानं पुसून घेत जाईन रोज. मामा कशाला वाकत्यात?” दादा तिच्याकडं न बघता म्हणाला, “ज्याचं कुत्रं त्यानं पुसायचं.” तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे केसांचं प्रकरण नाही. लेकराची काळजी खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण त्या काळजीच्या आड दुसरंही काहीतरी बसलं होतं.

आप्पा झाडायला लागले. जन्मभर सीटवर बसून गेलेली कंबर, हातात केरसुणी, आणि मागं कंडक्टर. केरसुणीनं केस गोळा होत नाहीत, उडतात. आप्पा पुढं झाडायचे आणि केस मागं बसायचे. लेकरू खोकलं की दादा खोलीतून बाहेर येऊन फरशीकडं बघायचा, मग बापाकडं बघायचा आणि परत आत जायचा. आप्पा खाटेखाली चार पायांवर शिरून केस वेचताना मी पाहिले आहेत. ज्या माणसाच्या नुसत्या खोकल्यानं आम्ही चिडीचूप व्हायचो, तो मुलाच्या पावलांचा आवाज आला की केस मुठीत लपवायचा. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, इकडं कुत्री-मांजरं सोफ्यावरच झोपतात, केस उचलायला आपोआप फिरणारं मशीन मिळतं, पाठवून देतो. पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ते आलं. परातीएवढी काळी चकती, खाली चाकं आणि एक फिरणारा ब्रश. वहिनीनं बघता क्षणी तिला चकती म्हटलं आणि तेच नाव पडलं. तिकडची वीज वेगळी म्हणून नारायणगावात तिच्यासाठी ट्रान्सफॉर्मरचा डबा करून घ्यावा लागला. त्यात आमच्याकडं तेव्हा भारनियमन. वीज यायची तेव्हा विहिरीची मोटर आधी चालू करायची का चकती चार्ज करायची, यावरून बाप-लेकांचं वाजायचं.

पहिल्या दिवशी मळ्यातले सगळे बघायला आले. आप्पांनी बटण दाबलं. चकती दोनदा वाजली आणि चालायला लागली. आप्पांचा चेहरा उजळला. “डबल बेल देतीय,” ते म्हणाले. भिंतीला धडकून ती वळली तेव्हा पोरं हसली, एक म्हातारी पाया पडली. कंडक्टर आधी भुंकलं, मग खाटेखाली गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून चकतीच्या मागं मागं हिंडायला लागलं. लांबून, मान तिरकी करून. आप्पा म्हणायचे, “गाडी ताब्यात घेतली गड्यानं.”

मशीन चांगलं होतं का, असं मला पुढं पुष्कळ जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर ते मंद होतं. एकाच जागी तीनदा फिरायचं आणि कोपरा सोडून द्यायचं. लेकराच्या गोधडीचा दोरा ओढून अडकून बसायचं. वहिनीचं जोडवं गिळलं, ते केसांच्या गोळ्यात सापडलं. पण खाटेखाली, जिथं केरसुणी आणि आप्पांची कंबर दोन्ही पोचत नव्हत्या, तिथं ते सरळ शिरायचं आणि तांबूस केसांनी पोट भरून बाहेर यायचं. पावसाळाभर फरशी स्वच्छ राहिली. लेकराची शिट्टीही कमी झाली. ती औषधानं झाली, हवेनं झाली का चकतीनं, ते देव जाणे. आप्पांनी सगळं श्रेय चकतीला दिलं.

दादाला आता बोलायला जागा नव्हती. रोज संध्याकाळी तो फरशीवरून हात फिरवून बघायचा, हाताला काही लागायचं नाही. एकदा माझ्यासमोरच आप्पा त्याला म्हणाले, “बघ, घावतोय का येखादा.” त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही, आणि आप्पांना तर हरल्यावरही यायचं नाही.

दादा म्हणाला, “मशीन हाय तवर हाय, आप्पा. ज्या दिशी बंद पडंल, त्या दिशी बाहेर. मंजूर का?”

“मंजूर,” आप्पा म्हणाले. अमेरिकेचं मशीन, ते कशाला बंद पडतंय, असं त्यांना वाटलं.

मग खंडेनवमी आली. डेपोत असताना आप्पा आपल्या गाडीची पूजा कुणाला करू द्यायचे नाहीत. गाडी स्वतः धुवायचे, काचेवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढायचे, हार घालायचे, चाकांना कुंकू लावायचे आणि दोन्ही दिव्यांवर एकेक ठसठशीत बोट उमटवायचे. दिवे म्हणजे गाडीचे डोळे, डोळ्यांना कुंकू लावलं की गाडी वाट चुकत नाही, असं ते सांगायचे. रिटायर झाल्यापासून पूजेला त्यांच्याकडं स्वतःचं काही उरलं नव्हतं. ट्रॅक्टर, पंप, कोयते, सगळं दादाचं, आणि त्यांची पूजा दादाच करायचा. या वर्षी मात्र त्यांच्याकडं चकती होती.

मी सणाला आले होते, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यांनी पाट मांडला. चकती पुसून पाटावर ठेवली, झेंडूचा हार घातला. वाटीत कुंकू कालवलं. वरून स्वस्तिक काढून झाल्यावर त्यांनी ती उलटी केली, चाकांना बोट लावलं. पोटाच्या कडेला पुढच्या बाजूनं काळ्या काचेच्या छोट्या छोट्या खिडक्या होत्या. “हे बघ, हिचं दिवं,” ते मला म्हणाले आणि प्रत्येकीवर दाबून बोट उमटवलं. कंडक्टरच्या कपाळालाही टिळा लावला. मग चकतीसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. देवासमोर ते इतका वेळ कधी उभे राहिले नव्हते. आईच्या आजारपणातसुद्धा नाही.

पूजेला लावलेलं यंत्र चालवत नाहीत, म्हणून ती पाटावरच राहिली. दसरा झाल्यावर आप्पांनी हार काढला, वरचं कुंकू पुसलं आणि बटण दाबलं. चकती दोनदा वाजली, बोटभर मागं सरकली, आणखी मागं सरकली आणि एकदा वाजून थांबली. परत दाबलं, परत तेच.

आधी विजेवर संशय गेला, मग ट्रान्सफॉर्मरवर. नारायणगावचा इलेक्ट्रिशियन आला. त्यानं चकती उलटी केली, कुंकू लागलेलं बघून कपाळाला हात लावून नमस्कार केला, ब्रश काढून साफ केला आणि म्हणाला, “अमेरिकेचा माल हाय, पार्ट मिळायचा न्हाई.” धाकट्याला फोन लावला. त्यानं विचारलं, काही सांडलं का त्याच्यावर? आप्पा शपथेवर नाही म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. कुंकू सांडत नाही, कुंकू लावतात. ते बोटांचे ठसे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते, मी, वहिनी, दादा, सगळ्यांनी. ट्रॅक्टरला होतेच की तसे, पंपाला होते, गोदरेजच्या कपाटाला होते. पूजेचं कुंकू आपोआप जाईल तेव्हा जातं, ते कुणी खरवडत नाही. आणि कुंकवानं काही बिघडतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलेलं नव्हतं.

दादानं त्याच संध्याकाळी साखळी आणली. बरोबर खिळ्यांचा पट्टाही आणला, कातड्यात बाहेर टोकं काढून खिळे बसवलेला. बिबट्या गळा धरतो म्हणून कुत्र्यांना तो घालतात. “घ्या,” तो म्हणाला, “त्याची सोय केली.”

आप्पा त्याच्या पुढ्यात उभे राहिले. मला वाटलं आता हात उचलतात. पण त्यांनी हात जोडले. बापानं लेकापुढं हात जोडलेले बघणं वाईट असतं, बाप कसाही असला तरी. ते म्हणाले, “धाकटा येऊस्तोवर थांब. तो बघंल मशीन. तवर मी हातानं येचतो केस. जनावराला कळत न्हाई रं, ते दार वाजवत बसंल.”

“मला ठेवलं व्हतं तवा मी बी दार वाजवलं व्हतं,” दादा म्हणाला. “मला तरी कुठं घातला व्हता पट्टा?”

आवाज चढवून नाही बोलला. इतक्या वर्षांत त्या संध्याकाळचा विषय त्या घरात पहिल्यांदा निघाला होता. आप्पांना ती संध्याकाळ आठवायला वेळ लागला, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. दादालाही दिसलं, आणि मग त्याच्यातला उरलासुरला ओलावाही गेला. आपण जे जन्मभर उराशी बाळगलं ते मारणाऱ्याच्या लक्षातही नाही, याहून मोठा अपमान नसतो. त्यानं कंडक्टरला पट्टा घालून ओट्याच्या खांबाला बांधलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी आपली खाट ओढत ओट्यावर नेली आणि तिथंच झोपायला लागले. पहाटे डेअरीला दूध घालायला जाणारे सगळे आमच्या दारावरून जायचे. पोरानं बापाला घराबाहेर काढलं, ही बातमी पिंपळवंडीपासून माझ्या मंचरच्या दुकानापर्यंत आली. दादाला कुत्र्याचं काही वाटत नव्हतं, बापाचंही नव्हतं, पण लोकांचं वाटायचं. त्यानं खाट आत घेतली, आप्पांना आत घेतलं आणि दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाशी ठेवायला सुरुवात केली.

कंडक्टर दार खरवडायचं, साखळी तेवढी पोचायची. दादा उठून त्याला मारील म्हणून आप्पा आतून दारावर एकदा टकटक करायचे. सिंगल बेल. की ते गप्प बसायचं. शिकवलेलं कुत्रं होतं.

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली. फड तुटायला लागले की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो घरांच्या जवळ येतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आप्पा रोज दादाला सांगायचे, आणि दादा रोज जेवत असायचा.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. मी दुकान तसंच उघडं टाकून जीप पकडली आणि गेले. ओट्यावर साखळी होती, तिची शेवटची कडी ओढून सरळ झालेली. खिळ्यांचा पट्टा ओढाताणीत डोक्यावरून निसटून अंगणात पडला होता, अगदी नवाकोरा. बिबट्यानं गळा धरलाच नव्हता. उसाकडं जाणाऱ्या मातीत घसटत नेल्याची खूण होती. आप्पा त्या खुणेशेजारी चपला न घालता उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, “तू कशाला आलीस? तुजं काय काम हाय हितं?” ते कुणाला जवळ घेत नसत, आणि आता स्वतःजवळ कुणाला येऊ कसं द्यायचं हेही त्यांना येत नव्हतं. मी चहा न घेता परत फिरले आणि जीपमध्ये बसून रडले. कुत्र्यासाठी रडले का आणखी कशासाठी, ते मला विचारू नका.

जाताना वहिनीनं मला गोठ्याआड एक गोष्ट सांगितली. “दोनदा भुंकलं व्हतं वो ताई. मग दार वाजवलं लई. मामांनी आतून एकदा टकटक केलं, तसं गप झालं. मग कायच आवाज आला न्हाई.” हे आप्पांना कुणी बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

नाताळच्या सुट्टीत धाकटा आला. मी पण गेले होते. समोरच्या खोलीत आप्पा खाटेवर, दादा खुर्चीत चहा घेत, वहिनी लेकराला कडेवर घेऊन उभी. धाकट्यानं माळ्यावरची चकती काढली, जमिनीवर बसून उलटी केली आणि विचारलं, “हे लाल काय आहे?”

“कुंकू हाय,” वहिनी म्हणाली. “खंडेनवमीला मामांनी पूजा केली व्हती.”

धाकटा उठून पाणी घेऊन आला. मग त्यानं रुमाल ओला केला आणि एकेक काच पुसली. पुसता पुसता आम्हाला समजावून सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं आम्हाला ऐकायचं असेल. या खिडक्यांतून मशीन खाली जमीन आहे का बघतं. जमीन दिसली नाही की पुढं पायरी आहे समजतं आणि मागं सरकतं. पडू नये म्हणून. काचा झाकल्या तर त्याला सगळीकडं खड्डाच वाटतो.

त्यानं चकती खाली ठेवली आणि बटण दाबलं. ती दोनदा वाजली आणि चालायला लागली. सरळ आप्पांच्या खाटेखाली गेली, तिथं बराच वेळ घरघरली आणि बाहेर आली. धाकट्यानं सवयीनं तिचं पोट उघडलं. आत तांबूस केस होते.

मग आप्पा दादाकडं न बघता म्हणाले, “चाललं की मशीन. ठरलं व्हतं तसं घ्या मंग आता त्याला आत.”

दादानं कप खाली ठेवला. तो हसला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, ते हसू सुटकेचं होतं. “बंद कुणी पाडलं व्हतं, आप्पा?” तो म्हणाला. “बोटं कुणाची हायत? मी न्हाई मारलं तुमचं कुत्रं. तुमीच मारलं.”

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “कुंकू आप्पांचं व्हतं, दादा. साखळी तुजी व्हती.”

“तू गप ऱ्हा. तू न्हाई बसली व्हतीस त्या ओट्यावर.”

मी खरंच बसले नव्हते. मी तेव्हा आत होते, पांघरुणात. धाकटा कधी बापाकडं, कधी भावाकडं बघत होता. तो तेव्हा लहान होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. वहिनीनं त्याच्या हातातून केस घेतले आणि उकिरड्यावर टाकून आली.

पुढं चकती रोज फिरायला लागली. दादानंच सांगितलं, लेकरासाठी चांगलं आहे म्हणून. ती खाटेखाली गेली की थोडे तरी तांबूस केस घेऊन यायची. वहिनी रोज फरशी पुसत होती, तरी कुठून यायचे कुणास ठाऊक, खाटेच्या नवारीत अडकलेले असतील. आप्पा तिला हात लावत नव्हते. ती जवळ आली की नुसते पाय वर घ्यायचे आणि ती पुढं गेली की खाली सोडायचे. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पाट मांडला नाही.

उन्हाळ्यात एकदा मी तिथं असताना शेजारच्या मळ्यातले एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला होता आणि सुनेनं केसाळ, पांढरं कुत्रं आणलं होतं. सगळ्या घरात केसच केस, म्हणाले. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. “आप्पा, तुमच्याकडं ते मशीन हाय ना आपोआप झाडायचं. पोरगं घेऊ का म्हणून इचारतंय. कुत्र्याच्या घराला उपेग व्हतो का त्याचा?”

दादा दारातच उभा होता. चकती भिंतीला धडकून वळली आणि खाटेकडं आली. आप्पांनी पाय वर घेतले.

“घ्या की,” ते म्हणाले. “केस लई चांगलं वडतं. कुत्रं मेल्यावर बी वडतं.”